‘झोम्बी डिअर’ नेमकं काय आहे? हरणांच्या मेंदूतला हा आजार ओळखणाऱ्या बेथ विल्यम्सची गोष्ट

तोंडातून लाळ गळतेय, अंगावर नुसती हाडं उरलीत, मान खाली घालून हरीण एकाच जागी उभं आहे. ‘झोम्बी डिअर’ नावाने असे व्हिडिओ सोशल मीडियावर अधूनमधून व्हायरल होतात. यात झोम्बी वगैरे काही नाही. हा आहे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे CWD ऐवजी मराठीत सांगायचं तर ‘सीडब्ल्यूडी’. तो नेमका काय आहे, हे पहिल्यांदा ओळखलं एका तरुण पशुवैद्यक संशोधिकेने. तिचं नाव एलिझाबेथ ऊर्फ बेथ विल्यम्स.

दहा वर्षं न सुटलेलं कोडं

१९६७ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल डिअर जातीची हरणं खंगून मरायला लागली. चारा-पाणी मिळूनही वजन घटत होतं. बंदिवासाचा ताण असेल, खाण्यात काही कमी पडत असेल किंवा विषबाधा झाली असेल, असे अंदाज बांधले गेले. उत्तर मात्र मिळत नव्हतं.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस विल्यम्स कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधन करत होत्या. त्यांनी मेलेल्या हरणांच्या मेंदूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहिले. मेंदूला स्पंजसारखी बारीक छिद्रं पडली होती. मेंढ्यांना होणाऱ्या ‘स्क्रेपी’ या जुन्या आजारातही असंच दिसतं. १९८० साली त्यांनी स्टुअर्ट यंग यांच्यासोबत शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या एका जंगली एल्कमध्ये हा आजार सापडला. म्हणजे प्रश्न फक्त पिंजऱ्यातल्या हरणांचा नव्हता.

प्रायॉन म्हणजे काय?

प्रायॉन हा ना विषाणू, ना जिवाणू. हे आहे चुकीच्या पद्धतीने दुमडलेलं प्रथिन. ते शरीरातल्या त्याच प्रकारच्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखं वाकडं करतं. ही साखळी वाढत जाते आणि मेंदूतल्या पेशी मरू लागतात. ‘प्रायॉन’ हा शब्द स्टॅनले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिला. या कामासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. या आजारावर आजही ना लस आहे, ना औषध.

मातीत दबा धरून बसलेला आजार

विल्यम्स पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वायोमिंगमध्ये प्राध्यापक झाल्या. नामशेष होण्याच्या काठावर असलेल्या ब्लॅक-फूटेड फेरेट या प्राण्याला वाचवण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. पण सीडब्ल्यूडी त्यांनी सोडला नाही.

२००४ मध्ये त्यांचा आणि मायकल मिलर यांच्या टीमचा एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आजारी हरणं जिथे राहिली होती किंवा जिथे त्यांचे सांगाडे कुजले होते, अशा कुंपणांमध्ये साधारण दोन वर्षांनी निरोगी हरणं सोडली गेली. आजारी जनावराशी संपर्क न येताही त्यातल्या काहींना लागण झाली. थोडक्यात, आजारी हरणं हटवली तरी जागा सुरक्षित होत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विल्यम्स आणि त्यांचे पती, वन्यजीव पशुवैद्यक टॉम थॉर्न यांचा रस्ते अपघातात मृत्यू झाला.

माणसाला धोका आहे का?

सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. मग काळजी कशाला? कारण ब्रिटनमधला ‘मॅड काऊ’ हाही प्रायॉनचाच आजार. तो गायींमधून माणसात आल्याचं १९९६ मध्ये समोर आलं. म्हणूनच लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नका, असं अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणा शिकाऱ्यांना सांगतात. शिजवल्याने प्रायॉन मरत नाहीत.

आज हा आजार अमेरिकेतल्या ३० हून अधिक राज्यांत, कॅनडात आणि दक्षिण कोरियात पोहोचलाय. २०१६ मध्ये तो नॉर्वेतल्या जंगली रेनडिअरमध्ये सापडला. तिथे आजार रोखण्यासाठी २,००० हून अधिक रेनडिअरचा अख्खा कळप मारावा लागला.

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण दीड ते दोन वर्षं जातात. म्हणजे व्हिडिओतलं खंगलेलं हरीण ही आजाराची शेवटची पायरी असते. त्याआधी कित्येक महिने ते धडधाकट दिसत असतं आणि आजार पसरवत असतं. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही, तपासणी करावीच लागते. आणि तपासणीत नेमकं काय शोधायचं, हे कळायला सुरुवात झाली ती विल्यम्स यांनी पाहिलेल्या त्या मेंदूच्या कापांपासून.