आपल्याला येणं आणि दुसऱ्याला शिकवणं : खालिद जमील यांच्या निमित्ताने

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने दारव्ह्यात येऊन फुटबॉलवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमचा प्रश्न जुनाच आहे. एखादी गोष्ट आपल्याला येणं आणि ती दुसऱ्याकडून करवून घेता येणं, ही विद्या एकच की दोन? आणि पहिली हातची गेली, तर माणसाजवळ काय उरतं?

गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत फरक दाखवला. पोहण्याचे नियम तोंडपाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. उलट, पट्टीच्या पोहणाऱ्याला विचारा, तो नियम सांगताना अडखळेल. आम्ही यात तिसरी गोष्ट जोडू: करवून घेता येणं. आपल्याकडे तालमीतला वस्ताद तेच करतो. त्याचे गुडघे गेलेले असतात, पण पोराचा पाय कुठे चुकला ते त्याला बरोबर दिसतं.

आता खालिद जमील यांचं उदाहरण घ्या. जन्म १९७७चा, कुवेतमधला, कर्मभूमी मुंबई. मधल्या फळीतले खेळाडू. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, शेवटी मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही, आणि उमेदीतली बरीच वर्षं मैदानाबाहेर गेली. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले.

तिथे सात वर्षं काढली. पैसा बेताचा, ध्येयही बेताचं: आय-लीगमधून खाली घसरायचं नाही. संघ घसरला नाही. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्याच मोसमात खाली गेला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून हटले म्हणून त्याला जागा परत मिळाली. मुंबईत खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता असे खेळाडू जमील यांच्या संघात होते. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने मोहन बागानला १-० हरवलं, ३० एप्रिलला शिलाँगमध्ये बरोबरी साधली आणि एका गुणाच्या फरकाने विजेतेपद पटकावलं. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची लीग पहिल्यांदाच जिंकली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला आणि खाली गेला. सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर नाही, पण हा योगायोग विचार करायला लावतो खरा.

असं परदेशातही घडलंय. तुर्कस्तानचे फातिह तेरीम १९७४ ते १९८५ गॅलातासरायकडून खेळले, पण त्या काळात एकदाही लीग जिंकता आली नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी त्याच क्लबला सलग चार लीग आणि २०००चा यूईएफए कप मिळवून दिला.

म्हणजे दुसरी विद्या ही पहिलीची उरलीसुरली शिळी भाकरी नाही. तिच्यासाठी वेगळी मेहनत लागते: दुसऱ्याचं बळ ओळखायचं आणि आपल्याला जसं खेळायचं होतं तसं त्याच्यावर लादायचं नाही. जमील यांच्या संघांवर 'फार बचावात्मक' अशी टीका होते. पण ज्याच्याजवळ जेवढं आहे, तेवढ्यावरच डाव मांडावा लागतो ना?

आणि या विद्येत जोखीमही मोठी. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. साव्हियो मेदेइरा यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला. पहिल्याच स्पर्धेत, काफा नेशन्स कपमध्ये, संघ तिसरा आला. पण १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. पाय दुसऱ्यांचे, जाब मात्र यांना.

इथे शिक्षक बसलेत, आईवडील बसलेत. आपलं राहून गेलेलं स्वप्न पोरांच्या खांद्यावर ठेवणं सोपं असतं. त्यांच्या अंगात काय आहे ते बघून त्यांना घडवणं अवघड, आणि ते करूनही हरलो तर पुढे होऊन उत्तर देणं त्याहून अवघड. तेवढी तयारी असेल तरच शिकवायला उभं राहावं, असं आम्हाला वाटतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.