गुंठ्यांची वाडी, हेक्टरी भरपाई

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत, जाहीर केले. आकडा मोठा वाटतो. पण कोकणात वाडी मोजतात गुंठ्यांत. 10 गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने मिळतात 5 हजार. पडलेली झाडे तोडून, उचलून वाडी साफ करायलाही ते अपुरे. शिवाय त्याच जागेत पोफळीच्या दाटीत नारळ, जायफळ आणि झाडावर चढवलेली मिरीही असते. ओरड झाल्यावर झाडागणिक दर आला: नारळाला 250 रुपये, पोफळीला 50. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे त्या 50 रुपयांत कुठे बसवायचे?

आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांचे काय? झाडावर चढून सुपारी उतरवणारे गडी, ती सोलणाऱ्या बायका यांची रोजी वाडीबरोबरच गेली. पंचनामा मात्र झाडांचा आणि घरांचा होतो, बुडालेल्या मजुरीचा रकाना त्यात नसतो. तो आधी घालायला हवा.