नदीचे आरोग्य पाणलोटाच्या हाती : अरवरी खोऱ्याचा अनुभव

राजस्थानातील अलवर जिल्ह्यातून वाहणारी अरवरी नदी अनेक दशके केवळ पावसाळ्यापुरती वाहत असे. डोंगरउतारांवरील वृक्षतोडीमुळे पावसाचे पाणी मातीसह वाहून जाई. जुने जोहड गाळाने भरले होते, विहिरी आटल्या होत्या आणि रोजगारासाठी तरुणांना गाव सोडावे लागे.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून तरुण भारत संघाच्या साहाय्याने ग्रामस्थांनी जोहडांची दुरुस्ती व नवी बांधणी हाती घेतली. जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला मातीचा बांध. त्यात अडलेले पाणी जमिनीत मुरते, भूजल पातळी उंचावते आणि पुढे तेच पाणी नदीपात्रात पाझरते. पाणलोटाच्या माथ्यावरील भावता-कोल्याला येथील काम हळूहळू खोऱ्यात पसरले. उतारांवरील चराई व वृक्षतोडीवरही निर्बंध आले. १९९०च्या दशकाच्या मध्यास अरवरी बारमाही झाली.

पाण्याबरोबर उपशाचा प्रश्नही उभा राहिला. १९९९ मध्ये सुमारे ७० गावांनी ‘अरवरी संसद’ स्थापन केली. ऊस, भात यांसारखी अधिक पाण्याची पिके टाळणे आणि नदीतून होणाऱ्या उपशावर मर्यादा ठेवणे, असे नियम तिने ठरविले. त्यांना कायद्याचे नव्हे, तर गावांच्या सहमतीचे बळ आहे.

केवळ बांधांची संख्या वाढवून नदी टिकत नाही. माथ्यावर पाणी मुरविणे आणि पायथ्याशी उपसा आवरणे, या दोन्ही बाबी एकाच नियोजनात असाव्या लागतात.