विद्यार्थ्यांच्या शर्यतगाड्या

शर्यत हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो वेग. आणि जी गाडी सर्वांत वेगवान तीच विजयी, असे सामान्यतः मानले जाते. परंतु अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः आखून व स्वतः बांधून ज्या एकासनी मोटारगाड्या स्पर्धेत उतरवितात, त्यांच्या बाबतीत न्याय निराळा आहे. तेथे गाडी किती धावली एवढेच पाहत नाहीत; ती तशीच का बांधली, याचाही जबाब द्यावा लागतो. या उद्योगाचे खरे शैक्षणिक मोल या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

या स्पर्धांचा उगम अमेरिकेतील. तेथे १९८१ साली ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने स्पर्धा सुरू झाली. १९९८ साली इंग्लंडात ‘फॉर्म्युला स्टुडंट’ हे तिचे भावंड जन्मास आले. कल्पना अशी की, एका कारखान्याला हौशी चालकांसाठी लहान शर्यतगाडी काढावयाची आहे व विद्यार्थ्यांच्या संघाने तिचा नमुना सिद्ध करावयाचा आहे. प्राध्यापकांनी सल्ला द्यावा. परंतु आखणी, निर्णय आणि चालविणे ही सर्व विद्यार्थ्यांचीच.

नियमांत एक मोठा मार्मिक आहे. पेट्रोलच्या एंजिनाला लागणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातूनच गेली पाहिजे. हे छिद्र जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढे. एंजिन अधिक हवा ओढू लागले की छिद्रातील हवेचा वेग वाढत जातो; तो ध्वनीच्या वेगाला पोहोचला म्हणजे मात्र कितीही ओढले तरी अधिक हवा येत नाही. हवा नाही तर पेट्रोल जळणार कसे? म्हणजे केवळ मोठे एंजिन बसवून कोणाचे काम भागत नाही. मग विद्यार्थी दुसऱ्या वाटा शोधतात. छिद्राकडे नळी हळूहळू निमुळती करावयाची व पुढे तितक्याच सावकाश रुंदावत न्यावयाची, म्हणजे हवेचा दाब फुकट जात नाही. सांगाड्यातील अनावश्यक वजन काढून टाकावयाचे. वळणावर चारही चाके जमिनीला धरून राहतील अशी त्यांची बैठक साधावयाची. दार बंद केल्यावर बुद्धी खिडकी शोधते, त्यातलाच हा प्रकार.

स्पर्धेचे एकूण गुण १०००. त्यांपैकी ३२५ गुण गाडी उभी असतानाच मिळवावयाचे असतात. परीक्षक एखाद्या दांड्याकडे बोट दाखवून विचारतात, “हा एवढ्याच जाडीचा का?” ‘बाजारात तसाच मिळाला’ हे उत्तर तेथे चालत नाही. त्यानंतर सुरक्षिततेची तपासणी. गाडी ६० अंशांपर्यंत कलती करूनही ती उलटता कामा नये. ब्रेक दाबताच चारही चाके जाम झाली पाहिजेत. आणि पट्टे बांधून बसलेल्या चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. एवढे सर्व झाल्यावरच धावण्याची परवानगी. तेथेही गाड्या एकमेकींना रेटीत धावत नाहीत. प्रत्येकीची स्पर्धा घड्याळाशी. २७५ गुणांची सुमारे २२ किलोमीटरची दीर्घ दौड ही सर्वांत कठीण कसोटी होय. तिच्या मध्यावर चालक बदलतो, आणि तापलेली गाडी पुन्हा सुरू करावी लागते. एक सैल नट, एक गळकी नळी वर्षभराच्या श्रमांवर तेथे पाणी फिरविते.

भारतात या विद्येला आता चांगले मूळ धरले आहे. इंदूरजवळील पिथमपूर येथे २००७ सालापासून खडबडीत वाटेवरच्या गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. स्वस्त देशी शर्यतगाड्या बांधणाऱ्या एस. करिवर्धन यांचे नाव त्या मार्गाला दिलेले आहे, ही गोष्टही अर्थपूर्णच. मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांनी तर विजेवर चालणारी गाडी बांधून ती इंग्लंडातील सिल्व्हरस्टोनपर्यंत नेली.

बंधनातून रचना कशी जन्मते, हे पाहावयास सोलापूर जिल्ह्यातील माणसाला मात्र इतके दूर जावयास नको. माढे तालुक्यातील कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एक मर्यादा स्वतःच घालून घेतली: कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. रूळ हलके, म्हणून खर्च कमी. परंतु त्यासाठी एंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वांचा भार आसांवर नीट वाटून द्यावा लागला. ती अरुंद लोहवाट आता उरली नाही, तिच्या जागी रुंद मार्ग आला. पण तिच्यामागील विचार या शर्यतगाड्यांत जिवंत आहे.

आता प्रश्न उरतो तो लहान गावांतील महाविद्यालयांचा. अशी गाडी बांधण्यास काही लाख रुपये लागतात, आणि आश्रयदाते मोठ्या शहरांतील संस्थांना लवकर मिळतात, हे खरे. शिवाय परीक्षेचे गुण बुडतील ही पालकांची भीतीही अगदीच निराधार नव्हे. रात्र रात्र कार्यशाळेत जागणाऱ्या मुलाचे पुस्तक मागे पडू शकते. तथापि तुळईवरील भाराचे गणित वहीत चुकले तर एक गुण जातो; तेच गाडीत चुकले तर जोड तुटतो, आणि सोबती चालकाचा जीव त्या जोडावर असतो. ही जबाबदारी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत घालता येत नाही. म्हणून संपूर्ण गाडी झेपत नसेल तेथे निदान एखादे चाक, एखादा ब्रेक किंवा एखादा सांगाडा मुलांच्या हाती द्यावा आणि शेवटी एवढेच विचारावे: “हे असेच का केलेस?” ज्याला याचे उत्तर स्वतःच्या हातच्या कामावरून देता आले, तो शर्यतीत शेवटचा आला तरी विद्येत मागे राहिला असे म्हणता येणार नाही.