सहनशक्तीच्या धावस्पर्धांची पूर्वतयारी आणि बालरुग्णालयांसाठी निधिसंकलन : महागाव तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हा प्रामुख्याने कापूस व सोयाबीन पिकविणारा तालुका आहे. येथील मूल गंभीर आजारी पडले, की उपचाराचा प्रवास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, तेथून नागपूर किंवा सेवाग्रामपर्यंत आणि क्वचित मुंबईपर्यंत लांबतो. मुंबईतील परळ येथे १९२९ मध्ये स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय हे अशा प्रवासाचे एक शेवटचे ठिकाण होय. अशी रुग्णालये शासकीय अनुदान, विश्वस्त निधी व समाजाच्या देणग्या यांच्या आधारे चालतात. देणगी मिळविण्याचा एक मार्ग म्हणून दीर्घ पल्ल्याच्या धावस्पर्धांनी गेल्या काही दशकांत जगभर स्थान मिळविले आहे. महागावसारख्या तालुक्यातील युवकांना हा मार्ग कितपत उपयुक्त ठरू शकतो आणि त्यासाठी शरीराची व व्यवहाराची कोणती तयारी करावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१) धावण्यातून निधिसंकलन या कल्पनेची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) सहनशक्तीच्या प्रशिक्षणामागील शरीरशास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करणे.
३) महागाव परिसरातील हवामान, शेतीचा हंगाम व आरोग्यस्थिती यांच्याशी या तत्त्वांची सांगड घालणे.
४) निधीच्या विनियोगातील पारदर्शकतेचे निकष मांडणे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :

कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. रुग्णालयात त्याने पाहिलेल्या लहान रुग्णांच्या वेदनांनी तो अस्वस्थ झाला आणि १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायानिशी त्याने देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धाव सुरू केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर आजार उलटल्याने त्याला थांबावे लागले. १९८१ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने निघणाऱ्या धावांनी पुढे कर्करोग संशोधनासाठी मोठा निधी उभा केला. १९८८ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियाग्रस्त मुलीच्या पित्याच्या पुढाकाराने ३८ धावपटूंचा गट न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरला व त्याने ३ लाख २२ हजार डॉलर जमविले. या उपक्रमात प्रशिक्षण आणि निधिसंकलन या दोन गोष्टी प्रथमच पद्धतशीरपणे जोडल्या गेल्या. नवख्या माणसाला संस्थेने धावण्याचे शिक्षण द्यावे आणि त्याने संस्थेसाठी देणगीदार मिळवावेत, असा हा परस्पर करार होता.

महाराष्ट्रात मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते. या स्पर्धेच्या निमित्ताने अनेक सेवाभावी संस्था निधी जमवितात. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणाऱ्या 'रेस अक्रॉस अमेरिका' या सायकल शर्यतीत जोडीने उतरले, ते आदिवासींच्या नेत्रोपचाराचा प्रश्न पुढे मांडत. विदर्भाच्या दृष्टीने नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये हीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली, ही घटना महत्त्वाची ठरते. सहनशक्तीचे खेळ या मातीतही रुजू शकतात, हे तिने दाखवून दिले.

याच संदर्भात एक वेगळे उदाहरण विचारात घेणे आवश्यक आहे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील व बारामती परिसरात स्थायिक झालेल्या लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या महिला २०१४ मध्ये बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी त्यांना बक्षिसाच्या रकमेची गरज होती आणि ज्येष्ठांच्या गटात त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर निघालेल्या मराठी चित्रपटाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. त्यांच्या जिद्दीचे कौतुक यथोचितच आहे. तथापि तपासणीच्या पैशांसाठी वृद्ध स्त्रीला अनवाणी धावावे लागणे, हे आरोग्यव्यवस्थेतील उणिवेचेही निदर्शक आहे. संघटित निधिसंकलनाचे प्रयोजन येथेच स्पष्ट होते. ज्याच्या घरात आजार आहे त्याने धावण्याऐवजी, ज्यांची शरीरे धडधाकट आहेत त्यांनी पूर्वतयारीनिशी धावावे आणि भार वाटून घ्यावा.

प्रशिक्षणाची शरीरशास्त्रीय तत्त्वे :

पोलीस भरतीच्या तयारीसाठी ग्रामीण भागातील मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांचे लक्ष्य ८०० किंवा १६०० मीटरचे असते. अशा धावेत वेगाला महत्त्व असते. २१ किंवा ४२ किलोमीटरच्या धावेत मात्र इंधनाचा हिशोब निर्णायक ठरतो. स्नायू व यकृत यांत साठविलेल्या ग्लायकोजेनपासून साधारणतः १,६०० ते २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळू शकते. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला अर्धमॅरेथॉनसाठी सुमारे १,२६० आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतात. पहिली गरज साठ्यातून भागते, दुसरी भागत नाही. तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत अनेक धावपटूंचे पाय अचानक जड होतात, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. म्हणून नवोदितांनी प्रथम २१ किलोमीटरचे लक्ष्य ठेवणे श्रेयस्कर.

त्यासाठी नियमित थोडेफार धावणाऱ्या व्यक्तीला सुमारे १६ आठवडे द्यावे लागतात. आठवड्यातील चार दिवस धाव, एक दिवस स्नायूंचे व्यायाम व दोन दिवस विश्रांती ही रचना पुरेशी आहे. बहुतेक धाव सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने करावी. संथ धावेमुळे स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, हृदयाची प्रत्येक ठोक्यागणिक रक्त फेकण्याची क्षमता सुधारते आणि शरीर चरबीचा इंधन म्हणून अधिक वापर करू लागते. आठवड्यातून एकदा लांब धाव घ्यावी व ती ५-६ किलोमीटरपासून हळूहळू १७-१८ किलोमीटरपर्यंत न्यावी. दर तीन-चार आठवड्यांनी अंतर मुद्दाम कमी करावे. हृदय व फुप्फुसे लवकर तयार होतात, हाडे व स्नायुबंध यांना अधिक अवधी लागतो. नवोदितांच्या बहुतांश दुखापती या तफावतीतून उद्भवतात. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव उतरता ठेवावा.

महागाव परिसरातील विशेष बाबी :

मुंबईची स्पर्धा जानेवारीत होते, त्यामुळे सोळा आठवड्यांचा सराव सप्टेंबरअखेर सुरू होतो. याच काळात सोयाबीनची सोंगणी व नंतर कापसाची वेचणी चालते. दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्याच्या कमरेवर व मांड्यांवर आधीच ताण असतो. वेळापत्रकात या श्रमांची गणना व्यायाम म्हणूनच करावी व लांब धाव कामाच्या सुटीच्या दिवशी ठेवावी. उन्हाळ्यात विदर्भाचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते. तेव्हा सूर्योदयापूर्वीच सराव आटोपणे अनिवार्य आहे. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. उलटपक्षी, मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून कोरड्या हवेत सराव केलेल्या धावपटूने तेथे वेग थोडा कमी राखावा.

आहारासाठी महागड्या पूरकांची आवश्यकता नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भात, गूळ-शेंगदाणे, केळी व दूध यांतून मूलभूत गरजा भागतात. दीर्घ धावेत तहानेनुसार पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा जलसंजीवनी घ्यावी. केवळ पाणीच अतिप्रमाणात पिण्याने रक्तातील सोडियम घटून जिवाला धोका संभवतो. मुली व महिलांनी सराव सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी, कारण रक्तक्षय असताना सहनशक्ती वाढत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब सिकलसेलची आहे. विदर्भातील आदिवासी व काही अन्य समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. केवळ वाहक असलेली व्यक्ती सहसा निरोगी असते व तिला धावण्याची मनाई नसते. परंतु कडक ऊन, पाण्याची कमतरता आणि एकाएकी वाढविलेला वेग हे घटक एकत्र आल्यास वाहकाचा कोसळून मृत्यू ओढवल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदल्या गेल्या आहेत. प्रत्यक्ष आजार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा सराव करूच नये. त्यामुळे गटातील प्रत्येकाची रक्ततपासणी ही प्रशिक्षणाची पहिली पायरी ठरावी. ज्या आजाराने पीडित मुलांसाठी निधी जमवायचा, त्याच आजाराचे निदान या निमित्ताने गावात घडून येईल, हा लाभही कमी नव्हे.

निधिसंकलन व हिशोब :

निधिसंकलनाची सर्वांत सोपी पद्धत किलोमीटरमागे देणगी ही आहे. उदाहरणार्थ, एका धावपटूला किलोमीटरमागे १० रुपये देणारे २० हितचिंतक मिळाले, तर २१ किलोमीटरला ४,२०० रुपये जमतात. अशा ३० धावपटूंचे १ लाख २६ हजार रुपये होतात. मात्र या सर्वांनी मुंबईला जाऊन प्रवास, निवास व नोंदणी यांचा खर्च निधीतून केला, तर उरणारी रक्कम फारच थोडी असेल. म्हणून खर्च धावपटूंनी स्वतः सोसावा, अथवा धाव तालुक्यातच आयोजित करावी.

याशिवाय पुढील दक्षता घ्यावी :

१) ज्या रुग्णालयासाठी निधी आहे, त्याच्या नोंदणीकृत न्यासाची लेखी संमती आधी घ्यावी.
२) जाहीर निधिसंकलनाबाबतचे धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे नियम जाणून घ्यावेत.
३) देणगी शक्यतो थेट न्यासाच्या बँक खात्यात जमा व्हावी व प्रत्येकास पावती मिळावी. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस प्राप्तिकरात सवलत मिळत नाही.
४) जमा-खर्चाचा तक्ता ग्रामपंचायत वा महाविद्यालयाच्या फलकावर लावावा.
५) रुग्ण बालकाचे नाव व छायाचित्र प्रचारासाठी वापरू नये.

देणगीबरोबर माहितीचा प्रसारही तितकाच मोलाचा आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात देण्याची तरतूद आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही अनेक उपचारांचा खर्च भागतो. या तरतुदींनंतरही प्रवासभाडे, नातेवाइकांचे जेवण, राहणे व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. तालुक्यात जमलेला निधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत या खर्चासाठी राखून ठेवल्यास छोट्या रकमेचाही मोठा उपयोग होईल.

समारोप :

शेगावहून पंढरपूरकडे पायी निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी विदर्भाला परिचित आहे. रोजचे ठरावीक अंतर, ठरावीक मुक्काम व परस्परांची काळजी या तीन सूत्रांवर ती वाटचाल पूर्ण होते. सहनशक्तीच्या प्रशिक्षणाची सूत्रेही मूलतः हीच आहेत. धावण्यातून जमणारा निधी शासनाच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही व घेऊही नये. परंतु शास्त्रशुद्ध सराव, रक्ततपासणी आणि चोख हिशोब यांची जोड असल्यास महागाव तालुक्यातील युवकांची पहाटेची धाव एखाद्या आजारी बालकाला आपल्या गावापासून रुग्णालयापर्यंत पोहोचविण्यास निश्चितच साहाय्यभूत ठरेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना व क्रीडा विभागांनी या दृष्टीने संयुक्तपणे पुढाकार घेणे उचित होय.