कपाट भिंतीत बसते कसे?

जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असत. त्या जाडीतच कोनाडे असत आणि फडताळे असत. आजच्या फ्लॅटची भिंत साडेचार किंवा नऊ इंचांची. तिच्यात काय कोरणार? म्हणून झोपण्याच्या खोलीत दोन भिंतींमधली किंवा खांबालगतची मोकळी जागा हेरून तेथे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कपाट बसवून घेतात. लोखंडी कपाट गैरसोयीचे वाटले तर सरकवता येते, विकताही येते. हे कपाट मात्र भिंतीलाच जखडलेले. त्यात घरची बरीच शिल्लक खर्ची पडते आणि चूक झाली तर ती वीस-पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर राहते. तेव्हा सुतार काम करीत असताना शेजारी उभे राहून जरूर पाहा. कुठे किती जागा मोकळी सोडायची, याच हिशेबात त्याचे बरेचसे कसब असते.

पहिली अडचण भूमितीची. वहीतला काटकोन ९० अंशांचा असतो, गवंड्याचा क्वचितच. ओळंबा सोडून पाहिले तर भिंत वरपासून खालपर्यंत सेंटिमीटरभर कललेली आढळते. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजतात व सर्वांत लहान माप धरून, त्याहूनही थोडा लहान असा सांगाडा करतात. उरलेली फट झाकायला लाकडी पट्टी लागते. ही पट्टी भिंतीला टेकवायची, कर्कटकाचे टोक भिंतीवरून फिरवायचे आणि पेन्सिलने भिंतीची वेडीवाकडी रेषा पट्टीवर उतरवायची. त्या रेषेवर पट्टी तासली की ती भिंतीला बिलगते.

आता एक कोडे. खोलीची उंची २७४ सेंमी. कपाट २७० सेंमी उंच आणि ६० सेंमी खोल. जमिनीवर आडवे ठेवून जोडले तर ते उभे करता येईल का? पायथागोरसला विचारा. बाजूच्या आयताचा कर्ण २७६.६ सेंमी भरतो; म्हणजे उभे करताना कपाट छताला अडणार! वरच्या माळ्याचा खोका सुतार वेगळा करतो व मागाहून चढवतो, त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरी अडचण लाकडाची. लाकूड म्हणजे गवताच्या काड्यांची घट्ट बांधलेली जुडी समजा. या काड्या म्हणजे पोकळ तंतू. हवेतले बाष्प तंतूंच्या भिंतींत शिरले की भिंती जाड होतात. तंतू त्यामुळे लठ्ठ होतो, लांब मात्र जवळजवळ होत नाही. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत नाही.

किती फुगते? सागाच्या फळीतले पाण्याचे प्रमाण १ टक्क्याने वाढले, तर तिची रुंदी फार तर ०.१९ टक्क्याने वाढते. (झाडातून फळी कोणत्या दिशेने कापली यावर हे अवलंबून असते.) कडक उन्हाळ्यात फळीत ८ टक्के पाणी असेल आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते १६ टक्क्यांवर गेले, तर वाढ सुमारे दीड टक्का झाली. ४५ सेंमी रुंदीच्या सलग फळीचे दार यामुळे जवळजवळ ७ मिलिमीटर वाढेल. दार आणि चौकट यांमध्ये फट असते दोन-तीन मिलिमीटरची! श्रावणात दार अडते ते यामुळे. मग कोणीतरी रंधा मारून ते मोकळे करतो आणि मे महिन्यात त्याच जागी बोटभर फट दिसू लागते.

पूर्वीच्या सुतारांनी यावर फार सुंदर तोड काढली होती. दार सलग न करता चार अरुंद पट्ट्यांची चौकट करायची, तिच्या आतल्या कडेला खाच पाडायची आणि मधली रुंद फळी त्या खाचेत नुसती सरकवून ठेवायची. सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. फळी खाचेतल्या खाचेत फुगते-आकसते. बाहेरचे माप वाढते ते फक्त दोन उभ्या पट्ट्यांच्या रुंदीपुरते. ही मधली फळी कोणी ‘मजबुतीसाठी’ चिकटवली, तर उन्हाळ्यात ती आकसू पाहते, चौकट तिला सोडत नाही आणि फळी तडकते.

प्लायवूडमध्ये हेच काम थरांकडून करून घेतले आहे. एका थराचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे. प्रत्येक थर शेजाऱ्याचे फुगणे रोखतो. थरांची संख्या विषम असते. कारण मधल्या थराच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच ओढ दोन्हीकडे समान राहते. या समतोलाची आठवण एरवीही ठेवावी लागते. दाराला फक्त बाहेरून लॅमिनेट चिकटवले आणि आतली बाजू कोरी ठेवली, तर आतून बाष्प शिरते, बाहेरून शिरत नाही आणि दार धनुष्यासारखे वाकते. पैसे वाचवायला गेलेल्या कित्येक घरांत असे दार पाहावे लागते.

कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर पाठीमागे सेंटिमीटरभर पोकळी हवीच. विटांतून केशाकर्षणाने येणारी ओल थेट पाठीला लागली, तर आतल्या कपड्यांवर आणि कागदपत्रांवर बुरशी धरते.

राहिली आतली फळी. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांब फळी टाकण्याचा मोह या कपाटांत फार होतो. एक प्रयोग करा. पुस्तकांचे दोन गठ्ठे २४ सेंमी अंतरावर ठेवून त्यांवर प्लॅस्टिकची फूटपट्टी टाका. मध्ये नाण्यांची चळत ठेवा व पट्टी किती खचते ते मोजा. आता गठ्ठे १२ सेंमीवर आणा. तेवढ्याच नाण्यांनी पट्टी जेमतेम एक-अष्टमांश खचेल. वाकणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात असते. कपाटात तर फळी दुप्पट लांब झाली की पुस्तकेही दुप्पट बसतात. म्हणजे वाकणे १६ पट! १८ मिलिमीटर जाडीची ९० सेंमी लांब फळी पुस्तकांनी भरली की पहिल्याच दिवशी दोनेक मिलिमीटर वाकते. मध्ये एक उभा आधार दिला तर हे वाकणे नजरेला कळतही नाही. तो नको असेल तर पुढच्या कडेला ४ सेंमी रुंदीची पट्टी उभी जोडावी. वाकणे निम्म्याहून कमी होते.

वाकलेली फळी उलटी घालणे हा घरोघरचा उपाय. काही महिने ती सरळ दिसते. पण लाकूड कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू दबत जाते, आणि लांबी तीच, भार तोच. तेव्हा तुमच्या घरच्या फळीखाली एक दोरा ताणून धरा आणि मधले अंतर मोजून आजची तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा.