खडकवासल्याची वाट आणि घरची मंडळी

गेल्या सहा वर्षांत आमच्या घरातून सैन्यदलाकडे दोन अर्ज गेले. पहिला पुतण्याचा, दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीचा. त्यापूर्वीच्या चार पिढ्यांत आमच्याकडे शिक्षक झाले, वकील झाले, एक-दोघे सरकारी कचेरीत वरपर्यंत चढले, आणि अलीकडची मंडळी संगणकविद्येच्या जोरावर परदेशी गेली. परंतु गणवेष चढविलेला मनुष्य आमच्या भिंतीवरील एकाही तसबिरीत नाही. ह्या दोन अर्जांच्या निमित्ताने आम्हां वडीलधाऱ्यांस जे शिकावे लागले, ते आमच्यासारख्या इतर घरांच्या कानांवर घालावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. अर्जदाराने काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. अर्जदाराच्या घराने काय करू नये, हे मात्र आम्हांस कोणी सांगितले नाही.

आमच्या वर्गात ह्या पेशाविषयी एक चमत्कारिक दुटप्पीपणा आहे, तो आधीच कबूल केलेला बरा. जनरल अरुणकुमार वैद्य मूळचे अलिबागचे, जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे विद्यार्थी, एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक साताऱ्याच्या सैनिक शाळेचे, हे आपण पाहुण्यांस मोठ्या अभिमानाने सांगतो. आणि घरचाच मुलगा ‘मी एन. डी. ए. च्या परीक्षेस बसतो’ म्हणाला की, ‘आधी इंजिनियरिंगचा फॉर्म भरून ठेव’ असे त्यास हळूच सुचवितो. पुतण्याने विषय काढला तेव्हा आम्हीही नेमके हेच केले.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसविली, आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. भूदल, नौदल व वायुदल ह्या तिन्हींचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात आणि मग आपापल्या दलाच्या प्रबोधिनीत, म्हणजे डेहराडून, एळीमला किंवा दुंडीगल येथे, पुढील शिक्षणास जातात. प्रवेशाची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. जागा प्रत्येक वेळी सुमारे ४०० असतात. वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे, लग्न झालेले नसावे, आणि बारावी उत्तीर्ण असावे किंवा त्या वर्गात शिकत असावे. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. वायुदल व नौदल ह्यांसाठी पदार्थविज्ञान, रसायन व गणित हवे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांपैकी गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. पुढे निवडमंडळाची कसोटी, तीही ९०० गुणांचीच. वाचकांनी ह्या दोन समान आकड्यांकडे नीट पाहावे. आम्ही पहिल्या आकड्याच्या मागे दोन वर्षे धावलो आणि दुसरा आकडा छापलेला असूनही वाचला नाही.

ही वाट चुकली म्हणजे सर्व संपले असे नाही. पदवीनंतर सी. डी. एस. नावाची परीक्षा आहे. साध्या सैनिकाच्या भरतीसाठी २०२२ पासून अग्निपथ योजना आली असून तीत चार वर्षांची सेवा व त्यानंतर फार तर चौथा हिस्सा लोक कायम, असा नियम आहे. ह्या दोन गोष्टींची गल्लत करून घरोघर वाद होतात, म्हणून सांगितले. दहावीनंतर दोन वर्षे मुलांची तयारी करून घेणारी महाराष्ट्र सरकारची संस्था १९७७ पासून औरंगाबादेस, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आहे. तशीच मुलींसाठी नाशिकास निघाली आहे. भरतीसाठी पैसे घेणारा कोणीही दलाल भेटला तर तो लबाड समजावा आणि त्यास दारातूनच परत पाठवावे.

कागदपत्रांविषयी एक शब्द. आयोग जन्मतारीख मानतो ती दहावीच्या प्रमाणपत्रावरील. आमच्याकडे मुलाचे नाव दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारपत्रावर आडनाव शेवटी, आणि जन्मदाखल्यावर केवळ ‘बाळ’ एवढेच! ते दुरुस्त करून घेण्यास चार महिने लागले. ज्यांची मुले आज आठवीत आहेत त्यांनी हे काम ह्या दिवाळीच्या सुटीतच उरकावे.

लेखी परीक्षेविषयी विशेष लिहावयास नको. आपल्या घरांत पाठांतराची व गणिताची परंपरा असते, आणि चुकलेल्या उत्तरास गुण कापले जातात एवढे मुलास कळले म्हणजे पुरे. पुतण्या पहिल्याच खेपेस ती उत्तीर्ण झाला, आणि भोपाळच्या निवडमंडळाचे बोलावणे आले.

ही मंडळे कशी निघाली हे मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यास असे दिसून आले की, चांगल्या शाळेतला, चांगल्या घरचा, मुलाखतीत नीटनेटका बोलणारा तरुण रणांगणावर उपयोगी पडतोच असे नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञांच्या साह्याने निवडीची नवी रीत १९४२ मध्ये सुरू झाली, आणि १९४३ मध्ये तसेच मंडळ डेहराडून येथे आले. आजची पद्धत तिचीच वंशज आहे. मुक्काम पाच दिवसांचा असतो. मुलाचे नाव बाजूस राहते आणि छातीवर एक आकडा लागतो. पहिल्या दिवशी बुद्धीचे प्रश्न आणि एका धूसर चित्रावरून गोष्ट रचून तिच्यावर गटात चर्चा. तेवढ्यावरून बरीच मुले त्याच दिवशी स्टेशनावर परत पोहोचविली जातात. राहिलेल्यांस पुढे बारा चित्रांवर बारा गोष्टी लिहावयाच्या असतात. चित्र तीस सेकंद दिसते, गोष्टीला चार मिनिटे मिळतात, आणि बारावे चित्र म्हणजे कोरा पडदा! मग साठ शब्द, दर शब्दास पंधरा सेकंद, त्या शब्दावरून मनात येईल ते वाक्य लिहावे. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग: अमुक संकट आले तर तू काय करशील? दुसरीकडे मैदानावर फळ्या, दोर व पिंपे घेऊन आठ-दहा जणांनी मिळून अडथळे ओलांडावयाचे असतात, आणि एका अधिकाऱ्याबरोबर दीर्घ मुलाखत असते. हे सर्व इंग्रजीत चालते. पण साधे, सरळ इंग्रजी पुरते, वक्तृत्व लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ, मैदानावरील अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवितात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. ‘मनसा, वाचा, कर्मणा’ ही आपल्या ओळखीची तीन पदे ह्या पद्धतीचे सूत्र म्हणून तेथे सांगितली जातात. मनात एक, तोंडात दुसरे आणि हातून तिसरेच, असा जो असेल तो ह्या तिघांच्या चिमट्यात सापडतो.

आमचा पुतण्या सापडला. त्याची तयारी आम्ही जातीने करून घेतली होती. एका वर्गात भरपूर फी भरून तयार उत्तरे मिळविली होती, शिवाय आमच्या पदरची काही घातली होती. भोपाळला त्यास एकटा कसा पाठवावा म्हणून आम्ही स्वतः सोबत गेलो आणि स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये पाच दिवस काढले. मुलाखतीत त्यास विचारले, शास्त्रशाखा का घेतलीस? बाबांनी सांगितले म्हणून. गेल्या वर्षात एकट्याने कोणता प्रवास केलास? नाही केला. मग येथे कोणाबरोबर आलास? काकांबरोबर. हे काका म्हणजे प्रस्तुत लेखकच!

परंतु त्यास खरी अडचण आली ती आत्मवर्णनाच्या वेळी. पंधरा मिनिटांत लिहावयाचे असते की, तुझे आईवडील तुझ्याविषयी काय समजतात, शिक्षक काय समजतात, मित्र काय समजतात, तू स्वतः काय समजतोस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यास पाठ करून दिले होते: आज्ञाधारक, कष्टाळू, मोठ्यांचा मान राखणारा. ते त्याने लिहिले. निकालाच्या वेळी त्याचा आकडा पुकारला गेला नाही. कारण सांगण्याची तेथे पद्धत नाही.

घरी परतलो तेव्हा सुतक असावे तशी शांतता होती. भावजयीने डोळे पुसले, पण देवापाशी साखर ठेवलेली आम्ही पाहिली. मुलगा वाचला ह्याची ती साखर होती, आणि तिला त्याबद्दल दोष देण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही. रात्री सारे पानावर बसल्यावर पुतण्याने एकदम विचारले, ‘तुम्हां सगळ्यांना मी खरोखर कसा वाटतो? तिथे लिहायचं होतं, आणि मला माहीतच नव्हतं.’

बारा माणसांचे घर, कोणी बोलेना. त्याच्या वडिलांनी ताटाकडे पाहिले. आम्ही वर्गात तीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले, पण घरच्या मुलाविषयी सांगावयास आमच्यापाशी एक खरे वाक्य निघाले नाही. अखेर आमच्या मातोश्री म्हणाल्या, ‘तू भित्रा नाहीस रे. पण विचारल्याशिवाय वाहता नळसुद्धा बंद करत नाहीस. तुला तसं आम्हीच केलं.’

त्यानंतर घरात कोणताही ठराव झाला नाही, पण काही गोष्टी घडल्या. मातोश्रींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. रुग्णालय पाहणे, तारीख घेणे, विम्याच्या कागदांसाठी हेलपाटे घालणे हे सर्व पुतण्याकडे गेले. त्याने दोन चुका केल्या, त्यांपैकी एक जरा महागात पडली. आम्ही जीभ चावून बसलो. कोकणातल्या घराच्या सात-बाराच्या उताऱ्यासाठी तो एकटा लाल गाडीने गेला आणि तीन दिवस राहून तलाठ्याकडून काम करून आला. एकत्र कुटुंबात मुलांस माणसांत वागण्याचे शिक्षण आयते मिळते ह्यात शंका नाही. दहा जणांत सांभाळून घेणे त्यांस मैदानावर शिकवावे लागत नाही. पण निर्णयाची वेळ आली की एखादा काका आडवा येतोच. मंडळ ज्या गुणांची नोंद घेते त्यांत सहकार्य जसे आहे तसेच पुढाकार आणि निर्णयाची तत्परता ही आहेत. पहिला गुण आमच्या घरात विपुल, आणि पुढचे दोन आम्ही प्रेमापोटी खुडून टाकलेले.

दुसऱ्या खेपेस तो एकटा गेला आणि निवडला गेला. मग वैद्यकीय तपासणी आली. तेथे ‘तूर्त अपात्र’ आणि ‘कायम अपात्र’ असा भेद असतो, आणि दोन्ही बाबतींत दाद मागता येते. अपिलाच्या तपासणीसाठी ४२ दिवसांची मुदत असते. पुतण्याचे वजन जास्त भरले. बेचाळीस दिवस आमच्याकडे तुपाचे भांडे फडताळाच्या वरच्या खणात राहिले आणि तो पहाटे टेकडीवर धावत राहिला. त्यात तो पात्र ठरला. पण सर्वच दोष असे सुटत नाहीत. रंग ओळखण्यातील उणीव व्यायामाने जात नाही, म्हणून डोळे, कान, नाक, गुडघे व पावले ही दहावीतच चांगल्या डॉक्टरास दाखवावीत. एक इशारा विशेष महत्त्वाचा. मुलाचा चष्मा दिसू नये म्हणून काही आईबाप घाईने लेसरची शस्त्रक्रिया करवितात; विसाव्या वर्षाच्या आत ती केलेली असल्यास सैन्यदल तो उमेदवार नाकारते. ज्या चष्म्यासह तो कदाचित भूदलात गेला असता, तो घालविण्याच्या नादात दारच बंद होते.

आणि इतके होऊनही अंतिम गुणवत्तायादीत पुतण्याचे नाव आले नाही. लेखीचे गुण थोडे कमी पडले. तो आता पदवीच्या शेवटच्या वर्षात असून सी. डी. एस. चा अर्ज त्याने आम्हांस न सांगता भरला आहे, हे आम्हांस त्याच्या टेबलावरील पावतीवरून कळले.

दुसरा अर्ज पुतणीचा. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम आदेश देऊन मुलींस ह्या परीक्षेची दारे उघडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील परीक्षेसाठी पावणेदोन लाखांवर मुलींचे अर्ज आले. जागा होत्या एकोणीस! ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतील सतरा मुली मुलांबरोबर खडकवासल्याच्या मैदानावरून संचलन करीत बाहेर पडल्या. ते दृश्य आमच्या दिवाणखान्यात सर्वांनी पाहिले. पुतणीही पाहत होती. तिने त्या दिवशी विशेष काही म्हटले नाही.

भावाच्या वेळी जे घडले ते तिने कोपऱ्यात बसून पाहिले होते. तिने कोणता वर्ग लावला नाही, आम्हांस उत्तरे विचारली नाहीत. शहरातल्या एका ग्रंथालयात बसून अभ्यास केला, पोहावयास शिकली, तिकिटे स्वतः काढली. आम्ही विचारले, ‘स्टेशनवर सोडायला येऊ का?’ तर म्हणाली, ‘काका, रिक्षा सांगितली आहे.’ मुलगी म्हणून घरात जी कुजबुज व्हावयाची ती झाली. लग्नाचे काय, सीमेवर पाठविले तर काय, नातेवाइकांस काय सांगावयाचे. तिने कोणाशी वाद घातला नाही. यादीत नाव आल्याचे तिने प्रथम आजीस सांगितले.

प्रबोधिनीत दाखल होण्यापूर्वी आईवडिलांस दोन कागदांवर सही करावी लागते. एक असा की, मुलीने शिक्षण अर्धवट सोडले अथवा तिला काढून टाकले, तर झालेला खर्च परत मागितला जाऊ शकतो. दुसरा असा की, शिक्षणाच्या काळात तिला इजा झाली किंवा मृत्यू आला, तर त्याबद्दल सरकारकडे भरपाई मागण्याचा हक्क आईबापांस नाही. आमचे बंधू बँकेत असतात. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या आहेत. रविवारी दुपारी ते कागद घेऊन माजघरात बसले. मातोश्रींनी विचारले, काय लिहिले आहे त्यात? बंधूंनी दोन्ही कागद इंग्रजीतून मराठीत करून, एकही शब्द न वगळता, त्यांस मोठ्याने वाचून दाखविले. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुतणी आत आली नाही. अंगणात ती बुटांना पॉलिश करीत बसली होती. मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘पेन चालतंय का बघ आधी.’ बंधूंनी कागदाच्या कडेवर पेन चालवून पाहिले आणि दोन्ही ठिकाणी सही केली.